तीनदा विचारून गेलेला माणूस

जो माणूस कित्येक वर्षांत पोस्टाच्या पलीकडे गेलेला नाही, त्याला मुशाफिर म्हणायला गल्लीची जीभ जरा तिरकीच असावी लागते, आणि ती आहे. सुरुवात खालच्या शिंपिणीने केली. म्हातारे गृहस्थ वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा सामानात एक लोखंडी पेटी, एक काच तडकलेला कंदील आणि पुस्तकांची खोकीच खोकी होती. हमालाने जिन्यात खोकं टेकवून विचारलं, यात काय दगड भरलेत का. म्हातारे गंभीरपणे म्हणाले, "त्यात पुस्तकं आहेत. दगड पुढच्या खोक्यात." आणि खरंच होते, निरनिराळ्या खिंडींतून उचलून आणलेले, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. शिंपिणीने मशीनवरचा पाय थांबवला आणि म्हणाली, दगड आणायला एवढ्या लांब गेलेला माणूस मुशाफिरच म्हणायचा, शहाणा तर नाही. त्या दिवसापासून खरं नाव टपालपेटीवरच उरलं.

मुशाफिर हिंदीत लिहायचे. प्रवासवर्णनं लिहायचे, शिवाय बौद्ध ग्रंथांचे जाणकार म्हणून मोठा दबदबा. गल्लीला यातलं काही वाचायची फुरसत नव्हती, पण लांबलांबून वाचक यायचे आणि शिंपिणीच्या दारात उभे राहून विचारायचे, ते थोर यात्री कुठं राहतात? ती दातात टाचणी धरून नुसतं बोट वर करायची. एकाने बिचाऱ्याने विचारलं, आत्ता भेटतील का, की कुठल्या दौऱ्यावर आहेत? ती म्हणाली, "काका कुठं जाताहेत? जास्तीत जास्त गच्चीवर असतील, टॉवेल वाळत घालायला."

वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर ताडपत्रांचे फोटो, तऱ्हेतऱ्हेची भिंगं आणि अर्धा प्यायलेला चहा. मागच्या खोलीत शेगडी, बादली आणि कोपऱ्यात सतरंजी. पाव चहात बुडवून उभ्याउभ्या खायचा, कप विसळायचा आणि त्याच कपात पाणी प्यायचं. दुसरा कप नव्हता. कुणी आलं की मुशाफिर स्वतः प्यायचे नाहीत. पाहुण्यांना वाटायचं, केवढा हा संयम.

सगळं जग हिंडून आलेल्या या माणसाला म्हातारपणी एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती, म्हणून ती अर्थातच सगळ्या जिन्याला ठाऊक होती. त्यांना लेकीच्या घरी राहायचं होतं. लेक याच शहरात, नदीपलीकडे, चष्म्याचं दुकान चालवत होती. दोघांमध्ये एक पूल होता. बर्फाच्या खिंडी पायी ओलांडलेल्या या गृहस्थांना तो पूल काही ओलांडता आला नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. मिसरूड फुटायच्या आत मुशाफिर घरातून पळाले. बापाने कानाखाली वाजवली होती एवढं निमित्त. पण कानाखाली खाल्लेली सगळी पोरं काही समुद्रापर्यंत चालत जात नाहीत. हे गेले. वाटेत मुसाफिरखान्यांत झोपले, मालगाड्यांत झोपले, एकदा तर मिठाच्या व्यापाऱ्याच्या खेचरांमध्ये झोपले. वाटेतल्या लोकांची बोलायची भाषा हिंदी, म्हणून पुढे लिहायचीही तीच झाली. समुद्राकाठच्या एका विहारात पोचले, डोकं भादरलं, चीवर घेतलं आणि पाली शिकायला बसले. गुरू म्हातारा आणि खडूस. पाठ चुकला की तो रागवायचा नाही, नुसता डोळे मिटून बसायचा. शिष्याने चूक आपली आपण शोधायची. अशा घरात माणूस वाढला की त्याला बोलण्यापेक्षा न बोलणं जास्त कळायला लागतं. निदान त्याला तसं वाटतं तरी.

तिथेच ते ती रीत शिकले, जिने पुढे त्यांचं घर बुडवलं. भिक्खूंच्या सभेत एखादी गोष्ट ठरवायची असली की ती सगळ्यांपुढे मांडतात आणि मग तीनदा पुकारतात. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं, नसेल त्याने बोलावं. तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही, की झालं, सगळ्यांचा होकार. कुणी जेवायला बोलावलं तरी भिक्खू हो म्हणत नाही; तो गप्प राहतो, आणि यजमान समजून घेतो. मुशाफिरांना ही रीत फार आवडली. इतकी शांत, इतकी सभ्य. चीवर त्यांनी काही वर्षांनी रीतसर उतरवून ठेवलं, पण ही रीत अंगावरून उतरली नाही.

चीवर उतरवायचं कारण तिथल्या पोस्टाच्या खिडकीत बसलेलं होतं. मुशाफिर नकलून काढलेल्या पोथ्यांची पार्सलं छापखान्याकडे पाठवायचे आणि पार्सलांवर शिक्के मारणारी मुलगी प्रत्येक वेळी म्हणायची, पत्ता नीट लिहा, हे काय अक्षर आहे की मुंग्यांची रांग? पार्सलं वाढली. नंतर नंतर तर इतकी हलकी पार्सलं यायला लागली, की आत नुसता कोरा कागद असावा असा पोस्टमास्तरला संशय होता. लग्न झालं. मुलगी झाली. मुशाफिरांनी दोन छोटी पुस्तकं लिहिली, संध्याकाळी घरी यायला लागले, आणि बायकोच्या भावाने सगळ्यांना सांगितलं, आमचे भाऊजी माणसात आले एकदाचे.

मग बातमी आली. बर्फापलीकडच्या एका मठात ताडपत्रांचे गठ्ठे आहेत, ज्या ग्रंथांची मूळ प्रत जगात कुठेच उरली नाही असं पंडित म्हणत होते ते ग्रंथ, आणि मठाच्या छपरातून पाणी गळतंय. मुशाफिरांची झोप उडाली. आता साधा नवरा असता तर त्याने भांडण केलं असतं, आर्जवं केली असती, नाहीतर चिठ्ठी ठेवून पळाला असता. हे पडले नियमाने चालणारे. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि गोष्ट मांडली: मला जायचं आहे, वर्ष लागेल, कदाचित जास्त. मग विचारलं, जाऊ का? बायको काही बोलली नाही. दुसऱ्यांदा विचारलं. ती बोलली नाही. तिसऱ्यांदा विचारलं. तरी नाही. मुशाफिरांनी मनातल्या मनात हात जोडले आणि निघाले.

तिकडचे हाल पुस्तकात आहेत, आणि ते पुस्तक खरंच भारी आहे असं वाचलेले सांगतात. शाई गोठू नये म्हणून दौत काखेत धरून बसणं, बोटं काम देईनात तेव्हा याकच्या पोटाशी हात शेकणं, गळक्या छपराखाली एकेक पान उतरवून घेणं. वर्षाची तीन वर्षं झाली. पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे, वाचकांचं फार लाडकं: घरून आनंदाने निरोप मिळाला. लबाडी नाही हो ती. त्यांना मनापासून तसंच वाटलं होतं. एखाद्या खोटारड्यावर चिडता तरी येतं.

परत आले तेव्हा घराला दुसऱ्याचं कुलूप होतं. बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली होती. मुशाफिर तिथे पोचले. भावाने दार उघडलं, भाऊजी म्हणाला नाही, आणि बाजूलाही झाला नाही. त्याच्या खांद्यावरून त्यांना बायको दिसली. ते म्हणाले, अगं पण तुझी संमती होती.

"मी हो कधी म्हणाले?" तिने विचारलं.

"नाहीही म्हणाली नाहीस. तीनदा विचारलं मी."

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मुशाफिरांना वाटलं, हिचा रीत न कळल्यामुळे गैरसमज झालाय. तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी ती समजावून सांगितली: सभेत ठराव कसा मांडतात, पुकारा कसा करतात, मौनाचा अर्थ कसा घेतात, आणि कुठल्या ग्रंथात ते कुठे आलंय. बायकोने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. झाल्यावर पुढे आली आणि दार लावून घेतलं. मेहुणा पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगायचा आणि लोक हसून लोळायचे. दाराच्या आतली मात्र कधी हसली नाही.

नंतर मुशाफिर पुष्कळ हिंडले. हिंडणं सोपं झालं होतं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. पुस्तकं निघाली, सत्कार झाले, हार गळ्यात पडले आणि खोलीवर येऊन बादलीत सुकले. पाय थकले तेव्हा या गल्लीत आले. नदीपलीकडे लेकीचं दुकान आहे म्हणून आले, हे शिंपिणीने पहिल्या महिन्यातच ताडलं होतं. ते रोज पोस्टापर्यंत जायचे, तिथेच पुलाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि पाव घेऊन परत यायचे.

लेक एकदाच आली होती. आई गेल्याचं सांगायला आली, तेही सगळं उरकल्यावर. दारातच उभी राहून सांगितलं, आणि जाताना दुकानाचं कार्ड टेबलावर ठेवून गेली, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला द्यावं. मुशाफिर त्या दिवशी काही बोलू शकले नाहीत. बोलायला हवं होतं, असं त्यांना ती पुलावर पोचली असेल तेव्हा वाटलं. ते कार्ड त्यांनी भिंतीत खिळा ठोकून लावलं, एका थोर महास्थविरांच्या फोटोशेजारी.

मग डोळे गेले. एकदम नाही, आधी ताडपत्रावरची अक्षरं धुरकट झाली, मग छापील, मग पाव कुठला आणि स्पंज कुठला हेही चाचपून बघायची पाळी आली. मुशाफिरांनी कुणाला सांगितलं नाही. टेबलाशी बसायचे, पुढ्यात फोटो ठेवायचे आणि पाठ असलेली पाली सुत्तं म्हणायचे, म्हणजे खालून ऐकणाऱ्याला वाटावं, काम चाललंय. पण शिंपिणीचे कान शिवणाऱ्याचे. वरच्या सुरात पानं उलटल्याचा आवाज नाही, हे तिच्या ध्यानात आलं. एक दिवस ती वर गेली, दोऱ्याचं रीळ समोर धरलं आणि विचारलं, काका, हा रंग कुठला? मुशाफिर म्हणाले, "तुला कुठला हवाय?" ती रीळ घेऊन खाली आली. जाताना भिंतीवरच्या कार्डावरचा नंबर तिने पाठ केला होता.

फोनवर ती लेकीला काय बोलली ते गल्लीने आपापल्या परीने रचलंय. एवढं खरं, की तिने रडगाणं गायलं नाही. एक गिऱ्हाईक आहे, म्हणाली, दुकानात यायला जमत नाही, घरी येऊन नंबर काढाल का?

लेक दुपारी आली. हातात चाचणीच्या भिंगांची पेटी. मुशाफिरांनी पायांचा आवाज ओळखला असं ते पुढे सांगायचे, पण ते साफ खोटं. त्यांना टपालवाला वाटला होता आणि त्यांनी खिडकीवर ठेवा असं ओरडूनही सांगितलं. मग पेटी टेबलावर टेकल्याचा आवाज आला आणि लेक म्हणाली, "मान सरळ ठेवा." तेव्हा कुठे कळलं.

तिने त्यांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम बसवली. कानामागे काड्या नीट करताना तिची बोटं लागली. कामातली बोटं, थंड, भिंगं घासून टोकांना खरखरीत झालेली. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. समोरच्या भिंतीवर तिने अक्षरांचा तक्ता लावला, एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

हे बरं की आधीचं, तिने विचारलं. मुशाफिर गप्प. तिने भिंगं पुन्हा अदलाबदल करून दाखवली. पुन्हा गप्प. ते काही हट्ट करत नव्हते. त्यांना दोन्हींतला फरक खरंच दिसत नव्हता, आणि ते कबूल केलं की ती पेटी मिटून निघून जाईल, ही भीती होती.

"बोला," ती म्हणाली. "तुम्ही गप्प बसलात तर मी काय समजायचं?"

खाली शिंपिणीचं मशीन बंद होतं, ते का हे सांगायला नको.

"दिसत नाही," मुशाफिर म्हणाले. "कशातूनच दिसत नाही."

मग तिने छोटी विजेरी काढून डोळ्यांत पाहिलं आणि दुकानातल्या आवाजात सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, पिकलाय. चष्म्याचं काम नाही. शस्त्रक्रिया करावी लागेल, सोपी असते, ओळखीचे डॉक्टर आहेत. नंतर काही आठवडे डोळ्यांत औषध घालावं लागतं, आणि तुमचा हात कापतो, तेव्हा घालायला माणूस लागेल. एवढं बोलून ती एकेक भिंग पुसून पेटीतल्या खाचेत बसवायला लागली.

मुशाफिरांना कळलं, आत्ता नाही तर मग नाही. पेटीत भिंगं संपत आली होती. जगातल्या कुठल्याकुठल्या सरदारांपुढे, मठाधीशांपुढे बेधडक उभ्या राहिलेल्या माणसाने आधी फाटकी कॉलर चाचपून नीट केली. शेवटी त्यांनी विचारलं, "मी तुझ्याकडे राहायला येऊ का?"

लेक काही बोलली नाही. भिंग पुसत राहिली.

आणि काय सांगावं त्या खोडीबद्दल. भिक्खूंच्या सभेतली ती जुनी शांतता त्यांच्या आत पसरायला लागली. पहिल्यांदा विचारलं, मौन. आता दुसऱ्यांदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा. तोंड उघडलं सुद्धा. मग त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"अशी गप्प राहू नकोस," ते म्हणाले. "तू गप्प राहिलीस की मला हो वाटतं. माझी खोडच आहे तशी. काय ते तोंडाने सांग."

पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला.

"नाही," लेक म्हणाली.

मुशाफिरांनी टेबलाची कड सोडली.

ती पुढे सावकाश बोलली, एखाद्या गिऱ्हाइकाला चष्म्याची सवय कशी करायची ते सांगावं तशी. त्या घरात आईची खोली होती, अजून तशीच आहे, तिथं तुम्ही नको. हे आज ठरवलेलं नाही, पुष्कळ आधी ठरवलंय. पण दवाखान्यात मी येईन. आणि औषध घालायला संध्याकाळी दुकान बंद करून इथे येत जाईन. मुशाफिरांनी विचारलं, पूल ओलांडून रोज? ती म्हणाली, पूल काही मोठा नाही.

ती गेल्यावर शिंपीण वर आली. चेहरा पडलेला. लेकीला बोलावण्याचा आपला डाव फसला असं तिला वाटत होतं. मुशाफिर मात्र सतरंजीवर पाय पसरून बसले होते आणि त्यांचा आवाज हलका होता. म्हणाले, 'नाही' असं तोंडाने स्पष्ट म्हणाली. आपल्या आयुष्यात एवढं स्पष्ट कुणी बोललं नव्हतं. शिंपिणीला हे काही झेपलं नाही. खाली येऊन ती म्हणाली, पंडितांना नकारसुद्धा गोड लागतो, त्यांचं पोटच वेगळं असतं. पण त्या दिवशी तिने त्यांच्या फाटक्या शर्टाची कॉलर उलटून शिवून दिली आणि त्यावर एकही विनोद केला नाही.

रात्री मुशाफिरांचं पोट वेगळं वगैरे काही नव्हतं. खाली ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी उशी तोंडावर धरली होती, असं भिंतीपलीकडच्यांचं म्हणणं. भिंतीपलीकडच्यांना सगळंच ऐकू येतं.

शस्त्रक्रिया झाली. लेक ठरल्याप्रमाणे यायला लागली. दोन औषधं होती. एक घातल्यावर काही मिनिटं थांबायचं आणि मग दुसरं घालायचं, लगोलग घातलं तर पहिलं वाहून जातं. मुशाफिर सतरंजीवर आडवे पडायचे, ती शेजारी मोडक्या खुर्चीवर बसायची. पहिला थेंब पडायचा. मग ती मधली मिनिटं. त्यात दोघं काही बोलायचे नाहीत. मुशाफिर त्या गप्प बसण्याचा काही अर्थ लावायचा नाही असं ठरवून पडून राहायचे, आणि ते त्यांना पालीपेक्षा अवघड जात होतं. दुसरा थेंब पडला की ती बाटल्या जागेवर ठेवायची, उद्या येते म्हणायची आणि जिना उतरायची. शिंपिणीने तिच्यासाठी म्हणून एक कप वर नेऊन ठेवला. लेकीने त्यातून एकदाही चहा घेतला नाही.

एका संध्याकाळी, पहिला थेंब घातल्यावर, तिने आपण होऊन विचारलं.

"तुम्ही आईला विचारलंत तेव्हा ती काय करत होती?"

मुशाफिरांचा डोळा मिटलेला होता. त्यांनी आठवून पाहिलं. मठाच्या छपराचा एकेक वासा त्यांना आठवत होता, कुठल्या पानाचा कुठला कोपरा वाळवीने खाल्ला होता तेही. स्वयंपाकघराचं दार आठवलं. दारापलीकडे काहीच दिसेना.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी बघितलं नाही."

"मलाही आठवत नाही," ती म्हणाली. "मी टेबलाखाली खेळत होते. मला फक्त तुमचे बूट दिसत होते. नाड्या बांधलेले. तुम्ही बूट घालून विचारत होतात."

खाली मशीन चाललेलं होतं, ते चालूच राहिलं. मौनात आडोसा घ्यायची मुशाफिरांची ताकद आता उरली नव्हती, आणि शब्द तर त्या जागेसाठी कधी शिकलेच नव्हते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हो. घातले होते."

तिने घड्याळाकडे पाहिलं. वेळ झाली होती. तिने दुसरी बाटली हलवली, त्यांच्या कपाळावर हात ठेवून पापणी वर ओढली, आणि थेंब नेमका पडेपर्यंत हात काढला नाही.